सेंद्रिय पाकीट आणि बाळाची वाटी

भाचीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: "मावशी, हे घेऊ का?"

फोटोत नाचणीच्या पिठाचं पाकीट होतं. त्यावर हिरवं पान, हसरं बाळ, ठळक अक्षरांत 'ऑरगॅनिक' आणि २०० ग्रॅमला साडेतीनशे रुपये. तिच्या लेकीचं उष्टावण आठवड्यावर आलेलं. आजीने चांदीची वाटी आणून ठेवलेली, पण त्या वाटीत काय घालायचं यावर घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात डाळ-तांदळाचं खिमट. नवरा म्हणतो, हल्ली सगळे ऑरगॅनिकच देतात. आणि भाचीच्या मनात धास्ती, की वाण्याकडची साधी नाचणी दिली तर आपण बाळाच्या पोटात औषध घालतोय. औषध म्हणजे फवारणीचं. शेतकऱ्याच्या घरात 'औषध' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, आणि गोंधळाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

"घे" किंवा "नको" असं एका शब्दात उत्तर देणं मला जमेना. मग फोनवर तासभर बोललो. ते बोलणं इथे जरा नीट मांडते.

हा शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही

सेंद्रिय हा शब्द पीक कसं घेतलं तेवढंच सांगतो. कारखान्यात बनलेली रासायनिक खतं, कृत्रिम कीटकनाशकं, तणनाशकं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं वापरलेलं नाही, एवढी ती हमी. भारतात ही व्यवस्था २००१ मध्ये 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम' या नावाने सुरू झाली. शेतकऱ्याने आज युरिया बंद केला म्हणून उद्या माल सेंद्रिय होत नाही. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षं आणि फळबागांसाठी तीन वर्षं जमीन रूपांतराच्या काळात काढावी लागते. या काळात उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. सेंद्रिय महाग असण्यामागे हेही एक कारण आहे, सगळा पैसा चकचकीत पाकिटावर जातो असं नाही.

सेंद्रिय शेतात फवारणीच होत नाही, हाही एक गैरसमज. फवारणी होते. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, आणि नियमांच्या मर्यादेत बोर्डो मिश्रणही, म्हणजे मोरचूद आणि चुना. फरक आहे तो काय फवारलं आणि ते किती काळ टिकतं यात.

या शब्दातून नाचणीत लोह किती ते कळत नाही. बाळाला ती पचेल का, दळताना चक्की स्वच्छ होती का, पाकिटात साखर घातली आहे का, हेही कळत नाही. सेंद्रिय साखर ही शेवटी साखरच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला सेंद्रिय मधसुद्धा चालत नाही. मधात असू शकणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, आणि मधमाशी कुठल्या शेतातल्या फुलांवर बसली होती याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

मग सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असतं का? २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत त्यांना फारसा फरक दिसला नाही. अवशेषांच्या बाबतीत मात्र दिसला: सेंद्रिय मालाच्या ७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले, साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकासलच्या गटाने असाच आढावा घेतला. त्यांना सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारे घटक) जास्त आणि कॅडमियम हा विषारी जड धातू कमी आढळला. दोन्ही आढावे एकत्र वाचून मी इतकंच म्हणेन की अवशेष कमी ही गोष्ट पक्की आहे आणि पोषण जास्त ही गोष्ट वादाची. आणि ७ टक्के म्हणजे शून्य नव्हे. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्यावर येते, पाण्यातून येते, पोत्यातूनही येते.

बाळाचा हिशेब वेगळा का

आपण मोठी माणसं दिवसभरात तीस-चाळीस प्रकारचं काहीबाही खातो. सात महिन्यांचं बाळ पाच-सहाच गोष्टी खातं, आणि त्याच रोज. भात, मूगडाळ, नाचणी, केळं, लाल भोपळा, एखादं सफरचंद. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खातं. त्यामुळे त्या पाच-सहांपैकी एकात अवशेष असतील तर ते रोज, आणि किलोमागे जास्त, पोटात जातात. त्यात यकृत आणि मूत्रपिंडं अजून कामाला सरावलेली नसतात आणि मेंदूची वाढ जोरात चालू असते.

हे सगळं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९३ च्या एका अहवालात मांडलं होतं. तोवर कीटकनाशकांच्या मर्यादा ठरवताना मोठ्या माणसांचं खाणं डोळ्यांसमोर असायचं. त्या अहवालानंतर १९९६ मध्ये तिथे कायदा झाला आणि मुलांसाठी दहापट जादा सुरक्षेची तरतूद आली.

मर्यादा ठरते तरी कशी? एखाद्या रसायनाचा प्रयोगातल्या प्राण्यांवर काहीही परिणाम दिसत नाही असा डोस आधी शोधतात. त्याला साधारण शंभराने भागतात: दहापट प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, आणखी दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी. पिकातल्या अवशेषांची मर्यादा या आकड्याशी ताडून पाहिली जाते. म्हणजे भाजीत अंश सापडला याचा अर्थ लगेच विषबाधा असा होत नाही, मधे बरंच अंतर सोडलेलं असतं. भाचीला मी हेच आधी सांगितलं, कारण ती गेले दोन महिने भेंडीकडे साप पाहावा तशी पाहत होती.

दुसरी बाजूही सांगते. सिॲटलमध्ये २३ शाळकरी मुलांवर एक अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचं नेहमीचंच खाणं, फक्त पाच दिवस सेंद्रिय मालातून दिलं. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांच्या लघवीतल्या खुणा जवळजवळ लगेच नाहीशा झाल्या, आणि साधं खाणं सुरू करताच परत आल्या. खाण्यातला बदल शरीरात इतक्या लवकर दिसतो. मुलं त्यामुळे अधिक निरोगी झाली का, हे त्या अभ्यासाने तपासलं नव्हतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये म्हटलं की अवशेष कमी होतात हे खरं, पण त्यामुळे आजार कमी होतात याचा थेट पुरावा हाताशी नाही. मुलांनी फळं-भाज्या भरपूर खाणं जास्त महत्त्वाचं, मग त्या सेंद्रिय असोत वा नसोत.

फवारणी कुठे जास्त होते, ते शेतकऱ्याला विचारा

इथे थोडं रेंगाळते, कारण पैसे कुठे घालायचे याचं उत्तर पाकिटापेक्षा शेतात लवकर सापडतं.

फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवस जावे लागतात. ऊन, वारा आणि झाडाची स्वतःची वाढ यामुळे औषधाचा अंश तेवढ्यात कमी होतो. ज्वारी किंवा नाचणी एकदाच काढतात, तिथे हा काळ सहज पाळला जातो. वांगी, भेंडी, हिरवी मिरची यांचं गणित वेगळं. यांचा तोडा थोड्या थोड्या दिवसांनी चालूच, भेंडीचा तर दर दोन-तीन दिवसांनी. वांग्यात फळ पोखरणारी अळी असते आणि ती एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी सारखा फवारतो. औषध सांगतं सात दिवस थांब, आणि वांगं सांगतं परवा तोड नाहीतर जून होईन. शेतकऱ्याने यात काय करावं? बाजार समितीत कुणी अवशेष मोजत नाही, गिऱ्हाईक मात्र किडकं वांगं बाजूला काढतं.

म्हणून फ्लॉवर, कोबी, वांगी, भेंडी आणि पालक-मेथी-कोथिंबिरीसारख्या पालेभाज्या, शिवाय द्राक्षं, स्ट्रॉबेरी आणि सफरचंद, हा सगळा गट सेंद्रिय मिळाला तर घेण्यासारखा. साल काढायची नसते किंवा पानच खायचं असतं, आणि फवारणीही दाट असते.

लाल भोपळा, रताळं, सुरण, नारळ, केळं, पपई, चिकू यांना जाड साल असते किंवा आपण ती काढूनच टाकतो, त्यामुळे इथे चिंता कमी. आणि नाचणी? जव्हार-मोखाड्यात, पेठ-सुरगाण्यात, कोकणातल्या वरकस जमिनीत नाचणी पिढ्यानपिढ्या पावसावर होते. तिच्यावर कीड फार पडत नाही आणि महागडी औषधं मारायला त्या शेतकऱ्याकडे पैसाही नसतो. बहुतेक नाचणी कागदावर सेंद्रिय नसली तरी फवारणीविनाच वाढलेली असते. त्या पिठाच्या पाकिटाचे साडेतीनशे रुपये प्रामुख्याने ज्या गोष्टीसाठी होते, ती गोष्ट आठवडी बाजारातल्या नाचणीत बरीचशी आधीच होती.

द्राक्षांचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. माल अडकला आणि नाशिकपट्ट्यातल्या बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी आणखी कडक झाली. कोणत्या बागेतून पेटी आली इथपर्यंत माग काढता येतो. ही द्राक्षं सेंद्रिय नसतात, पण तपासलेली असतात. सेंद्रिय असणं आणि तपासलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. (बाळाला द्राक्ष द्यायचंच तर उभी चार फोड करून, बी काढून. अख्खं द्राक्ष घशात अडकतं, आणि हा धोका कुठल्याही अवशेषापेक्षा मोठा आहे.)

धुण्याने काय होतं? वरवरचं बरंच जातं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. त्यात नुसत्या पाण्यापेक्षा खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशकं जास्त निघाली. घरच्या भाषेत लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे सोडा, मग वाहत्या पाण्याखाली धुणं. झाडात मुरणारी औषधं मात्र यानेही निघत नाहीत, ती गरातच असतात. बाळापुरतं सफरचंदाचं साल काढून टाकलं तर काही बिघडत नाही. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाकावीत.

आणि एक गोष्ट, जी बाळाच्या वाटीपासून दूरची वाटेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. आपल्या वाटीत येतो तो अंश मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शात मोजायचा असतो. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर ते औषध ओघळत असतं. मला विचाराल तर सेंद्रिय विकत घेण्याचं सगळ्यात भक्कम कारण तिथे आहे, आणि त्या घरातही बाळं असतात.

पाकीट उलटं करून वाचा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला कंपनीला जे दाखवायचं ते असतं, मागच्या बाजूला कायद्याने जे लिहायला लावलं ते. 'नॅचरल', 'गावरान', 'फार्म फ्रेश', 'केमिकल फ्री', 'विषमुक्त' हे शब्द कानाला कितीही गोड लागले तरी त्यातला एकही सेंद्रिय प्रमाणपत्राचा पर्याय नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नाचे नियम केले. त्यातून प्रमाणित मालासाठी 'जैविक भारत' हे चिन्ह आलं. त्यामागे दोन वाटा आहेत. एक त्रयस्थ संस्थेच्या तपासणीची. यात २५ ते ५०० छोटे शेतकरी गट करून एकत्र प्रमाणपत्र घेऊ शकतात, आणि मालावर 'इंडिया ऑरगॅनिक' असं चिन्ह दिसतं. दुसरी 'सहभागी हमी', म्हणजे पीजीएस. गावातले शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि एकमेकांसाठी हमी देतात. इथे 'पीजीएस ग्रीन' लिहिलेलं असेल तर जमीन अजून रूपांतरात आहे, 'पीजीएस ऑरगॅनिक' असेल तर तो काळ पुरा झाला आहे. दोन्ही वाटांच्या मालावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असायला हवा. मिश्र पाकिटात, म्हणजे नाचणी, बदाम, खजूर असं एकत्र असेल तेव्हा, घटक पदार्थांची यादी जरूर वाचा. घटकांचा मोठा वाटा प्रमाणित असल्याशिवाय अख्ख्या पदार्थाला सेंद्रिय म्हणता येत नाही.

थेट गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त त्याने ते चिन्ह वापरायचं नाही. त्यामुळे आठवडी बाजारातल्या बाईंच्या पालेभाजीवर शिक्का नसेल तर त्या खोटं बोलतात असं समजू नका. त्यांना विचारा: शेत कुठे, शेजारी कोण काय लावतं, अळी पडली की काय मारता? खरं करणारा माणूस या प्रश्नांवर खुलतो, अर्धा तास बोलतो. "सगळं नॅचरल आहे हो ताई" एवढ्यावर जो थांबतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

कागदही घसरतात. भारतीय सेंद्रिय प्रमाणपत्राला मान्यता देण्याची व्यवस्था अमेरिकेच्या कृषी खात्याने जानेवारी २०२१ मध्ये मोडली. म्हणून इथले सगळे शिक्के बाद असं नाही. पण शिक्का म्हणजे देवाचा कौल नाही, इतकं ध्यानात ठेवावं.

आणि भाचीच्या पाकिटावरचं ते हसरं बाळ! बाळांच्या दुधाच्या पर्यायांविषयी १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या आहाराची जाहिरात करायला आणि त्याच्या पाकिटावर बाळाचं चित्र छापायला त्याने मनाई केली आहे. म्हणजे ते चित्रच सांगत होतं की कंपनी एकतर कायदा मोडते आहे किंवा हा बाळाचा आहार नाहीच, साधं पीठ आहे, अशी पळवाट काढते आहे. दुसरं खरं असेल तर बाळाच्या आहाराचे जास्त कडक नियम त्या पिठाला लागूच होत नाहीत.

सेंद्रियने न थांबणाऱ्या गोष्टी

काही धोके फवारणीतून येतच नाहीत. तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त शोषून घेतो, शेत सेंद्रिय असलं तरी. अमेरिकेच्या संसदेतल्या एका उपसमितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये बाळांच्या तयार आहारातल्या जड धातूंवर अहवाल दिला. त्यात सेंद्रिय म्हणून विकणाऱ्या कंपन्याही होत्या. उपाय कोकणातल्या आजीला माहीत होता, कारण जरी वेगळं असलं तरी: भरपूर पाण्यात भात शिजवून पाणी वेळून काढायचं. आर्सेनिकचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. काही जीवनसत्त्वंही जातात, म्हणून रोज तोच खटाटोप नको. तांदूळ, नाचणी, ज्वारी, वरी आलटून पालटून दिलं की प्रश्न मुळातच हलका होतो.

शेंगदाणे आणि मका दमट जागी राहिले की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. तेच जनावराच्या चाऱ्यातून दुधात उतरतं. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेबाहेर निघालं. सुट्या हळदीत रंगासाठी शिसं असलेली पिवळी पूड मिसळण्याचे प्रकार घडलेले आहेत. अख्ख्या हळकुंडांनाही ती चोळलेली असू शकते, म्हणून घरी कुटली तरी काळजी पूर्ण मिटत नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त छळते ती आपल्याच स्वयंपाकघरातली सवय. वर्षाचं धान्य भरताना तांदळाला बोरिक पावडर चोळायची, डब्यात पाऱ्याच्या टिकड्या टाकायच्या. दुप्पट पैसे देऊन सेंद्रिय तांदूळ आणायचा आणि त्याला घरी बोरिक लावायचं! बाळाचं धान्य वेगळं काढा, थोडं थोडं आणा, कडक उन्हात वाळवून कोरड्या घट्ट डब्यात ठेवा. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावायची जुनी रीत आहे, ती चालेल, शिजवण्याआधी डाळ नीट धुवायची.

शेणखतावर वाढलेल्या पालेभाजीत जंतू असू शकतात, म्हणून बाळासाठी ती नेहमी शिजवूनच द्यायची. पालकाचा 'कच्चा सेंद्रिय ज्यूस' वगैरे प्रकार वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाट्याला जाऊच नयेत.

वाटी घट्ट हवी

सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही, गुटीही नाही. त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न. मग खरी अडचण सुरू होते, आणि ती अवशेषांची नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुलं ११.३ टक्के. जन्मताना बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं.

आणि आपण काय देतो? वरणाचं पाणी. भाताची पातळ पेज. सेंद्रिय डाळीचं असलं तरी ते पाणीच. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावतं. ते पाण्याने भरलं की बाळ शांत झोपतं, आणि घरात सगळे म्हणतात, बघा किती छान जेवली. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी मिळायला हव्यात. त्यासाठी अन्न चमच्यातून घसरून पडणार नाही इतकं घट्ट असावं, त्यात डाळीचा गाळ असावा आणि वर चमचाभर तूप.

नाचणीचं सत्व आणि मोड आलेल्या नाचणीचं पीठ यातही फरक आहे. सत्व काढताना आपण भिजवून वाटलेली नाचणी फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकतो. कॅल्शियम आणि लोहाचा चांगला वाटा त्या चोथ्याबरोबर जातो, हाती उरतो तो मुख्यतः स्टार्च. मोड आणून, सावलीत वाळवून, हलकं भाजून दळलेली नाचणी जास्त कामाची. मोड येताना दाण्यात तयार होणारं एक विकर (एन्झाइम) स्टार्च तोडतं, त्यामुळे खीर कमी चिकट होते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. लोह अडवून धरणारे घटकही मोडामुळे कमी होतात. खाली उतरवल्यावर लिंबाचे दोन-चार थेंब पिळले की लोह आणखी चांगलं लागू पडतं. सुरुवातीला सहज गिळता यावी म्हणून पीठ बारीक चाळलं तर चालतं, पुढे तेही नको.

घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं, मासळीचा काटे काढलेला गर, शिजवून वाटलेला खिमा, हे सातव्या महिन्यापासून हळूहळू. यातलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. महिन्याचे पैसे मोजकेच असतील तर सेंद्रिय पाकिटाआधी अंड्यांचा ट्रे आणावा, असं मी बेधडक सांगते. शाकाहारी घरात मूग, मसूर, मटकी, पालेभाजी आणि लिंबू, रोज.

पुतणी जर्मनीत असते. तिचाही हाच प्रश्न होता, पण उत्तर थोडं वेगळं. युरोपात बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार आहारात कीटकनाशकाचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, पाकिटावर सेंद्रियचं हिरवं पान असो वा नसो. त्यामुळे बरणीतल्या गाजराच्या प्युरीसाठी तिथे जादा पैसे मोजून अवशेषांच्या बाबतीत फार पदरात पडत नाही. ताज्या भाज्या-फळांना ही मर्यादा लागू नसते, तिथे मात्र पडतं.

शेवटी भाचीने ते पाकीट घेतलंच नाही. जव्हारकडच्या एका महिला बचत गटाकडून दोन किलो नाचणी मागवली, शिक्का नसलेली. पालक, मेथी आणि फ्लॉवर एका पीजीएस गटाच्या गाडीवरून घेते, सफरचंद साधंच, साल काढून. उष्टावणाला सासूबाईंचं खिमटच झालं. मुलीने पहिला घास थुंकला, दुसरा केसांना लावला.

महिन्याभराने पुन्हा फोटो. नाचणीच्या पिठात किडे. खाली ओळ: "मावशी, म्हणजे खरंच बिनऔषधाची आहे ना?"

मी विचारलं, डबा धुतल्यावर उन्हात वाळवला होतास का. नव्हता. आता ती पंधरा दिवसांपुरतंच दळून आणते आणि पीठ फ्रीजमध्ये ठेवते.